गेरूचा ठिपका

मायाक्काच्या तळहातात बाभळीचा काटा मोडला, त्याला बारा दिवस झाले. हात फुगून दुप्पट झाला, लाली मनगटाच्या वर चढली. वळसंगच्या जाणत्यानं हात बघितला आणि "सोलापूरला न्या, उशीर करू नका" म्हणून अंग काढून घेतलं. बारा दिवस तिचा नवरा धुळा भाकरी थापत होता. मेंढरं राखण्यात धुळ्याचा हात कुणी धरू शकत नसे, पण त्याच्या भाकरीला कुत्रंसुद्धा तोंड लावीना.

सोलापूरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरसाहेब आठ ते अकरा बसत. अकराला टोपी डोक्यावर गेली की ब्रह्मदेव आला तरी थांबायचे नाहीत. धुळा बायकोला घेऊन दोनदा आला आणि दोनदा तसाच परत गेला. कारण काय, तर बाटल्या. औषधाला बाटली आपापली आणायची, आणि ती पायरीवर ठेवली की नंबर लागला. आता बोला. बाटलीचा धनी घरी खुशाल चहा पीत बसलेला, आणि आदल्या दिवशी चालत येऊन धर्मशाळेत पडलेली माणसं सगळ्यांच्या मागं. शिवाय दार उघडलं की त्याच बाटल्या लाथाडून सगळे एकदम आत घुसायचे.

तिसऱ्या खेपेला पायरीवर बाटल्या बेचाळीस आणि माणसं पंधरा. त्यातल्या सात बाटल्या एकट्या सुंदरम्माच्या. विणकरांच्या पेठेतली ही बाई अख्ख्या गल्लीचे नंबर लावून ठेवायची. धुळ्याचं डोकंच फिरलं.

कंपाउंडर ज्ञानबानं दार उघडलं, तशी धुळ्यानं दारात काठी आडवी धरली.

"मेंढरं अशी घुसली तर कोकरं पायाखाली मरत्यात," तो म्हणाला. "एकेक सोडतो. बाटलीला काय ताप येत न्हाय. ज्येचं दुखतंय त्येनं कपाळ पुढं करावं."

मेंढरांवर खूण करायचा गेरू त्याच्या बटव्यात होताच. तो त्यानं वाटीत कालवला. साध्या दुखण्याला एक ठिपका, जास्तीला दोन, आणि दोनवाले आधी. आजारी मेंढरू तो कळपातून असंच निवडायचा, डोळे बघून, मान कशी पडते ते बघून. तापानं फणफणलेल्या पोरीला दोन ठिपके मिळाले. ढेकरांची तक्रार घेऊन आलेल्या वकिलाला एक मिळाला, म्हणून वकील रुसले. ज्ञानबाला मात्र ही तऱ्हा भलतीच आवडली.

"ठिपका नाही त्याला आत सोडणार नाही," त्यानं जाहीर करून टाकलं.

सुंदरम्मा कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिली. "अय्यो, मग माझ्या गल्लीनं काय करायचं?"

"बोलवा की. येतील त्येंची कपाळं रंगवतो."

ती फणकाऱ्यानं गेली आणि चौघांना घेऊन आली. उरलेल्या तिघांचं दुखणं चालत यायचं ऐकूनच बरं झालं होतं. ती बोलताना दोनदा खोकली, तसे धुळ्यानं तिच्याच कपाळावर दोन ठिपके लावले. गल्लीच्या बाटल्या वाहता वाहता तिचा खोकला महिनाभर तसाच राहिला होता.

अकराला दोन मिनिटं असताना पायरी रिकामी झाली. धुळ्याची छाती फुगली होती. लिंबाखाली बसलेल्या मायाक्काला घेऊन तो दारात आला, तर ज्ञानबा आडवा.

"ठिपका?"

मायाक्काचं कपाळ कोरं होतं. धुळा जन्मभर कळप मोजत आला होता, आणि मोजताना घरचं माणूस कधी धरत नव्हता. त्यानं वाटी बघितली. ती पुसून कोरडी, बटव्यातला गेरूही संपलेला.

"आरं, मीच की लावतोय ठिपके."

"म्हणूनच. ओळखीवर सोडलं तर उद्या बाटल्या परत येतील."

आत डॉक्टरांनी टोपी उचलली. मायाक्कानं नवऱ्याकडं बघितलं. "सोलापूरची समदी मेंढरं राखली. माझाच इसर पडला व्हय?"

धुळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या फुगलेल्या हाताकडं बघायची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात सुंदरम्मा औषधाची बाटली घेऊन बाहेर आली. तिनं एकदा कोऱ्या कपाळाकडं बघितलं, अंगठ्याला थुंकी लावली, तो स्वतःच्या कपाळावरच्या गेरूवर घासला आणि मायाक्काच्या कपाळावर दाबला. एकदा, मग परत एकदा.

"दोन," ती ज्ञानबाला म्हणाली. "मोज."

ज्ञानबा बाजूला झाला. डॉक्टरांनी टोपी खाली ठेवली.

बोटाच्या पेराएवढा काटा निघाला. दहा दिवस हात भिजवायचा नाही, अशी ताकीद मिळाली, म्हणजे भाकरी अजून धुळ्याच्याच हातची आणि कुत्र्याचे हाल अजून संपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सांजेला मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी आली. धुळा मोजायला उभा राहिला, तर मेंढरांच्या पुढं मायाक्काच जाळीच्या तोंडाशी उभी, बांधलेला हात छातीशी धरून. ती हलेना. धुळ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक," तो म्हणाला, आणि मग मेंढरं सोडली.