टेस्टर एकाच तारेत का पेटतो?

बल्ब गेला की आपण काय करतो? बटण बंद करतो, स्टूलवर चढतो आणि नवा बल्ब लावतो. ताईनेही तेच केलं. जुना बल्ब होल्डरमध्येच फुटला होता, म्हणून त्याची टोपी काढायला तिने पक्कड घातली आणि तोल सांभाळायला खिडकीचा गज धरला. बटण बंद होतं. तरीही असा सणसणीत झटका बसला, की ती स्टूलवरून थेट उजव्या मनगटावर आपटली!

घराचं वायरिंग तिच्या धाकट्या भावाने केलेलं. तो अठरा वर्षं काम करून मुरलेला वायरमन.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तो तिला भेटायला गेला. शिवणयंत्रावर चादर टाकलेली होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर ताईच्या हातचे कपडे, आणि आज ती टेबलावरची एक सुई उचलायला धडपडत होती. सुई तीनदा निसटली. घरकामापुरता हात चालेल, बारीक काम विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"बटण चुकीच्या तारेवर होतं," वायरमन खाली बघत म्हणाला. "मीच टाकलं होतं. मला वाटायचं, वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते, म्हणजे दोन्ही तारा सारख्याच. बटण कुठेही टाका."

"आणि तेव्हा मी तुला काय विचारलं होतं?"

त्याला चांगलंच आठवत होतं. दोन्ही तारा सारख्याच, तर तुझा टेस्टर एकाच तारेत का पेटतो, असं ताईने विचारलं होतं. तो खो खो हसला होता. "ताईसाहेब, तुम्ही आपला सुईदोरा सांभाळा!" असं वर म्हणालाही होता.

"अपघातानंतर तपासणीला आलेल्या वीज निरीक्षकबाईंना मी तोच प्रश्न विचारला," ताई म्हणाली. "त्या काही हसल्या नाहीत. कागदावर चित्र काढून दाखवलं. एक तार तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीशी जोडलेली असते, ती न्यूट्रल. दुसरी फेज. तिच्यातला विजेचा दाब जमिनीच्या मानाने सारखा वर-खाली हेलकावत असतो, म्हणून टेस्टर तिच्यातच पेटतो. तू बटण न्यूट्रलवर टाकलंस. दिवा विझला, पण फेज होल्डरपर्यंत तशीच जिवंत राहिली, आणि वीज पकडीतून माझ्या अंगात शिरून गजावाटे जमिनीत गेली. एवढं सोपं होतं रे!"

ताईने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"एकच सांग. तेव्हा तुला उत्तर येत होतं?"

"नव्हतं ताई! नव्हतं येत!"

आणि तो हमसून हमसून रडला. काम शिकत असताना त्याने वस्तादांना हाच प्रश्न विचारला होता. "मोठा शास्त्रज्ञ लागून गेलास!" म्हणत वस्तादांनी डोक्यात टपली मारली, बाकीचे फिदीफिदी हसले. त्यानंतर त्याने कुणाला काही विचारलं नाही. कुणी विचारलं की हसून वेळ मारून न्यायची, हे मात्र तो पक्कं शिकला.

"तार चुकली, ते मी समजू शकते," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून त्याला जास्त लागलं. "पण तू नुसतं 'माहीत नाही' म्हणाला असतास, तर आपण दोघं जाऊन कुणाला तरी विचारलं असतं. मला हसलास, आणि मीही गप्प बसले. माझंही चुकलंच."

दुसऱ्या दिवसापासून तो आपण वायरिंग केलेल्या घरांची दारं ठोठावू लागला. "माझी चूक असू शकते, तपासून देतो," असं प्रत्येक दारात म्हणताना जीभ अडखळायची. काहींनी शिव्याही घातल्या. त्याने त्या निमूट ऐकून घेतल्या.

एका घरातल्या आजोबांनी विचारलं, "काय हो, वीज उलटसुलट वाहते म्हणता, मग पंखा कसा एकाच बाजूने फिरतो?"

पूर्वीचं हसू ओठांपर्यंत आलं. त्याने ते गिळलं.

"आजोबा, मला नीट माहीत नाही. विचारून येतो आणि तुम्हाला सांगतो."

मित्रहो, बल्बला हात लावण्याआधी मेन स्विच बंद कराच. पण त्याहून जुनी खोड आपण मोडायला हवी. घरात, कामावर, वर्गात कुणी साधा प्रश्न विचारला की आपण हसतो, आणि बऱ्याचदा आपलं अज्ञान झाकायला हसतो. 'माहीत नाही' म्हणायला लाज कसली?

वायरमनने चुकलेली सगळी बटणं बदलून दिली. ताईच्या शिवणयंत्रावरची चादर मात्र अजून निघालेली नाही.