पिस्तुलावरचा थेंब

मावशीच्या हातांची क्लबात ख्याती होती. भर उन्हाळ्यात बाकीच्यांचे हात चिकट व्हायचे, तिचे तळवे मात्र खडूसारखे कोरडे असायचे. नेमबाजीच्या क्लबात अशा हातांना मान असतो. तिथली पिस्तुलं जुनी, निळसर काळ्या मुलाम्याची. दिसायला पोलादी, पण स्वभावाने फार हळवी. घामेजलं बोट एकदा लागलं आणि पुसायचं राहिलं, की आधी धुरकट ठसा दिसतो आणि मग हळूहळू त्याच जागी तांबूस गंज चढतो. गंज खरवडून काढता येतो, पण त्याच्याबरोबर मुलामाही निघतो आणि खालचं फिकट पोलाद उघडं पडतं. वरून पुन्हा हात फिरवला, तरी मूळचा मुलामा काही परत येत नाही.

म्हणून सराव संपला की सगळी पिस्तुलं मावशीच्या टेबलावर येत. पिस्तूल रिकामं आहे असं कुणी कितीही शपथेवर सांगितलं, तरी ती स्वतः उघडून बघायची. मग कुंचल्याने कानाकोपरा झाडायचा, धुऊन धुऊन मऊ झालेल्या बनियनचं फडकं घेऊन पातळ तेलाचा हात फिरवायचा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने जास्तीचं तेल टिपून घ्यायचं. एकदा पुसलं की मग उघड्या हाताने शिवायचं नाही, फडक्यातच धरून जागेवर ठेवायचं. कुणी नवशिक्याने चुकून बोट लावलं तर म्हणायची, न्हाऊमाखू घातलेल्या बाळाला कुणी खरकट्या हाताने उचलतं का रे?

हे सगळं ती थोरल्या बहिणीकडून शिकली होती. थोरली नेमबाज. तिने जिंकलेली पदकं दिवाणखान्यात मावत नव्हती, आणि कौतुक करायला आलेल्या लोकांना ती धाकटीकडे बोट दाखवून सांगायची, "मी नुसता नेम धरते, ही फडकं धरते. खरं काम हिचं." लोक हसायचे, धाकटी लाजायची. थोरलीने नेम धरणं सोडलं तेव्हा तिचं पिस्तूल तिने क्लबाला दिलं. मधल्या दालनात काचेच्या पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या संगतीत ते ठेवलेलं असे. क्लबाचा चिटणीस म्हणजे थोरलीचा मुलगा. तो मावशी म्हणे म्हणून सगळा क्लबच तिला मावशी म्हणू लागला.

थोरली गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत क्लबात तिच्या आठवणीची सभा ठरली. पेटीशेजारी फोटो लावायला म्हणून चिटणीस गेला, वाकून बघू लागला, आणि वाकलेलाच राहिला. पिस्तुलाच्या नळीवर एक तांबूस थेंब होता. मसुराच्या दाण्याएवढा, खाली बारीक शेपूट ओघळलेलं.

आईला निरोप देताना खंबीर उभा राहिलेला माणूस, पण त्या थेंबापुढे त्याचा चेहरा उतरला. त्याने सगळ्यांना दालनात बोलावलं आणि पेटी कोणी उघडली होती एवढंच विचारलं.

पेटीच्या किल्ल्या दोनच. एक मावशीच्या पदराच्या टोकाला, दुसरी रखवालदाराच्या जुडग्यात. पण मावशीकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. साऱ्या माना रखवालदाराकडे वळल्या.

रखवालदाराला क्लबातली पोरं पाठीमागे पाझर म्हणत, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या हातांना बारा महिने घाम. तो वर्तमानपत्र वाचायला बसला की अर्ध्या बातम्या तळहातावर उतरायच्या, आणि पोरं त्याचा हात धरून विचारायची, काका, आज क्रीडा पान कुठल्या बोटावर आहे? तोही हसून हात पुढे करायचा. खांद्यावर कायम एक पंचा, हात पुसायला.

त्या दिवशी मात्र तो हसला नाही. त्याने पंच्यात हात गुंडाळले आणि स्वतःच कबूल करून टाकलं. नात आली होती. मोठ्या बाईंचं पिस्तूल दाखवा म्हणून हट्ट धरून बसली. पेटी उघडली खरी, हात लावला नाही, पण वाकून दाखवलं होतं. "कपाळावर घाम तर माझ्या कायमच असतो, साहेब," तो म्हणाला. "पडला असेल. माझाच असेल."

चिटणिसाने आवाज चढवला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवा आणि महिनाअखेर फाटकाजवळची खोली रिकामी करा, असं त्याने सांगितलं, आणि सभेची तयारी बघायला निघून गेला. रखवालदाराचा सारा संसार त्या खोलीत होता. बायको होती, बाहेर लावलेली फुलझाडं होती, भिंतीला टेकवलेली खाट होती.

मावशी जागची हलली नाही. तो थेंब कुणाचा हे तिला बघताक्षणी कळलं होतं.

थोरलीला निरोप दिला तेव्हा मावशीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायकांनी आपसांत त्याचीही चर्चा केली. दगड आहे हो, एक म्हणाली, आणि ते मावशीच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर आली. दालनात कोणी नव्हतं. तिने पेटी उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पिस्तूल फडक्याशिवाय उचललं. मूठ हातात बसली, आणि मग धरणाचं दार उघडावं तसं झालं. किती वेळ रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. पावलं वाजली तशी घाईघाईने पिस्तूल आत ठेवून तिने किल्ली फिरवली. पुसायचं राहिलं. सगळ्या जगाला पुसायला शिकवणाऱ्या बाईचं पुसायचं राहिलं. आणि आसवंही घामासारखीच खारट.

हे तिने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. ओठ उघडलेही होते. पण आपण रडलो हे सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, इतकं कशाने भरून आलं? आणि त्याचं उत्तर तिला भाच्याला द्यायचं नव्हतं.

उत्तर असं होतं. शेवटच्या दिवसांत थोरली घरीच अंथरुणाला खिळून होती. एकदा मावशीचा हात धरून म्हणाली, "माझं पिस्तूल एकदा आण गं. घटकाभर हातात घेते, मग ने परत." चिटणिसाने धावपळ करून रीतसर परवानगी मिळवली, स्वतः सोबत यायला तयार झाला. मावशी हो म्हणणारच होती. पण बहिणीने तिचा हात धरला होता ना, त्या हाताचा ओलावा तिच्या मनगटावर होता. ताप उतरताना थोरलीला घाम फुटायचा, बोटं निथळायची. ती बोटं नळीवर टेकली तर? तिने ते हातातून सोडलंच नाही तर? इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलेली तकाकी मावशीच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि ती म्हणाली की पिस्तूल दुरुस्तीला गेलंय. खोटं उघडं पडू नये म्हणून तिने ते पेटीतून काढून क्लबातल्याच आपल्या कपाटात नेऊन ठेवलं. थोरलीने आणखी एकदा विचारलं, आलं का गं? मग विचारणंही थांबवलं. थोरली गेल्यावरच ते गुपचूप पेटीत परत आलं.

चिटणिसाने तर सभेतही तेच सांगितलं. आईची शेवटची एवढीशी इच्छा होती, पण नेमकं पिस्तूल दुरुस्तीला गेलं होतं, आणि आपण कारागिराच्या मागे लागून ते वेळेत आणवलं नाही, याची चुटपुट जन्मभर राहील. मावशी पहिल्या रांगेत बसून हे ऐकत होती.

सभेनंतर ती टेबलाशी बसलेली असताना रखवालदार आला. उंबऱ्याशीच उभा राहिला, हात पंच्यात.

"बाई, तुमच्या बहिणीची वस्तू," तो म्हणाला, "माझ्या हातून नासली. साहेबांनी काढलं ते ठीकच केलं. पण तुम्ही माफ केल्याशिवाय मला इथून जाववणार नाही."

आता बोल, मावशीने स्वतःला बजावलं. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"जाऊ द्या," ती म्हणाली.

त्याचा चेहरा एकदम निवळला. तुम्ही जाऊ द्या म्हणालात, आता अन्न गोड लागेल, असं म्हणून तो वळला. जाताना दाराच्या चौकटीवर त्याच्या हाताचा ओला ठसा उमटला होता, तोही त्याने परत येऊन पंच्याने पुसला. मावशीला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं. ज्याचा काही दोष नाही त्याला आपण माफ करून बसलो.

पुढचे दिवस ती कानकोंडी होऊन वावरली. फाटकातून आत शिरताना मान वर करत नसे. खोलीबाहेर रोज सामान वाढत होतं. आज पत्र्याची पेटी, उद्या गुंडाळलेली गादी. रखवालदाराची बायको झाडं कुंड्यांत काढून घेत होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "जन्मभर हात पुसत बसले," ती कुणाला तरी सांगत होती, "शेवटी घरच पुसून टाकलं." रखवालदार आत भांडी बांधत होता. मावशीला बघून मात्र बायको गप्प झाली आणि पदर सावरून म्हणाली, "तुमचे उपकार हो. तुम्ही मनात धरलं नाहीत. हे सारखं सांगतात, बाई देवमाणूस."

मावशी तिथून टेबलाकडे गेलीच नाही. सरळ भाच्याच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

रखवालदाराला पाठवू नकोस, तो थेंब माझा आहे, असं तिने सांगितलं. चिटणिसाने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तो हसलाच. तुझं मन मोठं आहे हे ठाऊक आहे मला, म्हणाला, पण दुसऱ्या कुणाला तरी सांग हे. तुझा हात आणि गंज? तू आरसा जरी धरलास तरी ठसा उमटायचा नाही.

"हाताचा नाही. डोळ्यांचा आहे."

"मावशी, तू तर रडलीसुद्धा नाहीस. सगळ्यांनी बघितलंय."

तिचं नाव इतकं स्वच्छ होतं की त्याच्यावर तिचाच डाग बसत नव्हता. नुसत्या थेंबाने काम भागणार नाही, त्यामागचं सगळंच बाहेर काढावं लागेल, हे तिला कळून चुकलं. ती खुर्चीत बसली. पदराच्या गाठीची किल्ली सोडून तिने टेबलावर ठेवली.

"पिस्तूल दुरुस्तीला गेलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या कपाटात होतं."

त्याने चष्मा टेबलावर ठेवला.

"तिच्या हाताला घाम होता रे. मला वाटलं, मुलामा जाईल."

 बाहेर मैदानावर कुणीतरी सराव करत होतं, एकेक बार ऐकू येत होता.  मग तो हळू आवाजात, मावशीकडे न बघता, म्हणाला, "मी त्या कारागिराला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या."

 तो रागावला असता, हाकलून दिलं असतं, तर मावशीला सोसायला सोपं गेलं असतं. त्याने फक्त फोन उचलून रखवालदाराला बोलावणं धाडलं.

तो आला, नेहमीसारखा उंबऱ्याशी थबकला. चिटणीस उभा राहिला, किल्ल्यांचं जुडगं त्याच्यासमोर धरलं, आणि चूक झाली, तुम्ही कुठे जायचं नाही, तो थेंब तुमचा नव्हता, असं म्हणाला. रखवालदाराने आधी आपल्या तळहातांकडे बघितलं. खात्री पटेना.

"मग कुणाचा, साहेब?"

 चिटणीस मावशीकडे बघत उभा राहिला.

"माझा," मावशी म्हणाली. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही माफी मागायला आलात, तेव्हा तरी."

रखवालदार गोंधळला. एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या कोरड्या हातांकडे बघू लागला. मग पंच्याने हात पुसून त्याने जुडगं घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. बहीण गेली, माणूस आहे, व्हायचंच असं काहीतरी त्याला वाटलं असावं.

"जाऊ द्या, बाई," तो म्हणाला.

तेच शब्द, तसेच. पण तो ते मनापासून म्हणाला होता, आणि तेच मावशीला सोसवेना.

तो गेल्यावर चिटणिसाने टेबलावरची किल्ली उचलून खणात टाकली. आईची पेटी यापुढे रखवालदार बघतील, तू त्यांना शिकव, एवढंच त्याने सांगितलं आणि चष्मा चढवून कागद पुढे ओढले. आधी तो तिला दारापर्यंत पोचवायला यायचा.

दुसऱ्या दिवशी दालनात मावशीने रखवालदाराला सुती हातमोजे दिले. त्याने ते भीत भीत चढवले, पेटी उघडली, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री दोनदा करून घेतली. त्याची बायको कुंड्यांतली झाडं परत जमिनीत लावत असल्याचा कुदळीचा आवाज खिडकीतून येत होता. मावशीने सांगितलं तसा तो मुठीकडून सुरुवात करून नळीकडे आला. त्या तांबूस थेंबाशी त्याचा हात थांबला.

"हे घासून काढू?"

तिला काढता आलं असतं. बारीक तारेचा बोळा, तेल आणि घटकाभर चिकाटी, मग फिकट जागेवर पुन्हा मुलाम्याचा हात. कुणाला कळलंही नसतं.

"नको," मावशी म्हणाली. "तिथे नुसतं तेल लावा. पसरू नये एवढंच."

त्याने फडक्याचं टोक तेलात बुडवलं आणि अगदी हलक्या हाताने त्या थेंबावरून फिरवलं. मावशी बाजूला उभी होती, हात पाठीमागे धरून.