हत्तीची सोंड आणि पाठीचा पंप

"लक्ष्मीकांतजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे जीव जातो. आत्ता किती दुखतंय?" डॉक्टर वसुंधराबाईंनी आमच्या ह्यांना विचारलं.

"दोन," हे म्हणाले.

दोन! कपाळ माझं! ज्या माणसाला कुशीवर वळायला माझा खांदा लागतो, ज्याचे मोजे मी घालते, त्याचं म्हणे दोन. मी डोळे वटारले, पण हे आपले छताकडे बघत पडलेले.

ही खोड कापडमिलची. सांच्यावर, म्हणजे मागावर, सुताचा जड बीम चढवताना पाठ गेली, पण जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, हाल विचारला की ह्यांचं ठरलेलं, "बढ़िया!" दुखतंय म्हटलं की त्या दिवशी सांचा बदलीवाल्याला जायचा आणि मजुरी बुडायची ना. पुढे मिलला टाळं लागलं, पाठीची दोन ऑपरेशनं झाली आणि वाया गेली, पोरगा अश्विन विजय नगरला कॉम्प्युटर कंपनीत लागला, तरी ह्यांचं बढ़िया काही सुटेना.

अश्विनच्या कंपनीच्या विम्यात आईबापही बसतात, म्हणून तर पलासियाच्या ह्या दवाखान्यात आलो. डॉक्टरबाईंनी मला पंप दाखवला. बूटपॉलिशच्या डबीएवढा. तो पोटाच्या कातडीखाली बसवायचा, त्यातून एक बारीक नळी आतल्या आतच मणक्यापर्यंत न्यायची, आणि औषध थेंबाथेंबानं नेमकं तिथेच सोडायचं. गोळी सगळ्या अंगात फिरते म्हणून माणूस दिवसभर गुंगतो. इथे सरळ ठिकाणावर, म्हणून औषध लागतं अगदी चिमूटभर. संपत आलं की काही महिन्यांनी कातडीवरूनच सुईनं भरायचं.

"पण आज आधी मणक्यात एकच सुई देऊन बघू," त्या म्हणाल्या. "फरक पडला तरच पंप."

सुई दिली. तासाभरानं मी बघते तर काय, हे आपले आपण कुशीवर वळले आणि हात लांबवून पाण्याचा गिलास घेतला! इतक्यात डॉक्टरबाई आल्या.

"आता किती?"

"दोन."

"सकाळीही दोनच होतं. फरक नाही, मग पंप बसवून उपयोग काय?"

"अहो, खोटं बोलतायत हे!"

"काकू, दुखणं त्यांचं आहे. त्यांनीच सांगायला हवं." आणि त्या दाराकडे वळल्यासुद्धा.

हातातोंडाशी आलेला माझा नवरा परत त्या खाटेत रुतणार! मला असा संताप आला म्हणून सांगू. शेजारच्या खाटेवर उदयसिंह नावाचे मिशाळ गृहस्थ होते. तेही मिलवालेच, पण दुसऱ्या मिलचे. मी मोठ्यानं म्हटलं, "काय हो उदयसिंहजी, अनंत चौदसला मिलमिलच्या चित्ररथांच्या झांक्या निघायच्या, तेव्हा पहिलं बक्षीस दरसाल तुमच्याच मिलला ना? आमची झांकी अगदीच फुसकी असायची."

"हमारे सामने टिकता कौन था, भाभीजी!" त्यांनी मिशीवर हात फिरवला.

"कौन टिकता था?" आमचे हे ताडकन उठून बसले. "अरे भिया, गजेंद्रमोक्ष की झांकी भूल गए? तो हत्ती मी हलवायचो, मी!" आणि खाटेवरून खाली उतरले. "गाडीखाली असा बसायचो," म्हणत चक्क उकिडवे बसले. "दोरी अशी खेचली की सोंड कमळ घेऊन वर!" आणि उजवा हात सोंडेसारखा उचलत उभे राहिले. सोंड डावीकडे वळली, उजवीकडे वळली, वाकून तिनं उदयसिंहांना नमस्कारही केला. "राजवाड़े का पूरा चौक ताली बजाता था!"

उदयसिंहांनी खरंच टाळ्या वाजवल्या. मी हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते.

"लक्ष्मीकांतजी," दारातून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता खरं सांगा. किती?"

सोंड हवेतच थांबली. ह्यांनी स्वतःच्या कमरेला हात लावून बघितला, जणू दुसऱ्या कुणाची कमर असावी.

"दोन. आईशप्पथ, आता दोन."

"आणि सकाळी?"

हे माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "नऊ."

नऊ! इतकी वर्षं शेजारी झोपले आणि मला बढ़िया! रडू आवरेना. "घरी चला," मी म्हटलं, "मग बघते तुमच्याकडे." हे खळखळून हसले. ते हसणं मी विसरूनच गेले होते.

पुढच्या आठवड्यात पंप बसला. त्या अनंत चौदसला आम्ही दोघं छत्रीबागेतल्या घरून पायी झांक्या बघायला गेलो, आणि प्रत्येक हत्तीला ह्यांनी नावं ठेवली.

आता रोज सकाळी स्वयंपाकघरातून मी ओरडते, "किती?"

"तीन," बाहेरून उत्तर येतं. "उशी कडक आहे, पंखा वाजतो, आणि तुझा चहा पाणचट झालाय."

तक्रारी ऐकून कान किटले, बाई. किटू देत.