साहेब म्हणतात तीनशे अठरा

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, मित्रांनो. रक्तातली साखर मोजतो. पण साखर म्हणजे नेमकं काय, हे मला विचारू नका, कारण ते मला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं मोजून मोजून माझ्या बटणावरचा रंग उडाला, आणि ज्ञान म्हणाल तर जिथल्या तिथेच.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या आणि आमच्या पोटात तारा बसवत होत्या. मग एकीने माझ्या तोंडात पट्टी खुपसली, तिला रंगीत पाण्याचा थेंब लावला आणि माझ्याकडे बघत बसली. मी घाबरत घाबरत एक आकडा दाखवला. ती मान हलवून म्हणाली, बरोबर. आपण काय बरोबर सांगितलं याचा मला पत्ता नव्हता, पण शाबासकी मिळाली की कोण कशाला विचारत बसतो? मला वाटलं, जन्मभर असंच असणार. थेंब येणार, मी आकडा सांगणार आणि लोक मान हलवणार.

औषधाच्या दुकानातून मला दादांनी घरी आणलं. दादा म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक. अख्खी गल्ली त्यांना दादा आणि त्यांच्या बायकोला वहिनी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. दादा केकवर लावायची साखरेची फुलं करतात. पिठीसाखर मळून, लाटून, एकेक पाकळी बोटांनी पातळ करतात. पाकळी उजेडात धरली की पलीकडचं बोट दिसायला हवं, असा त्यांचा हट्ट. अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला मधुमेह झालाय. हे ऐकून दादा हसले की रडले ते मला माहीत नाही, मी तेव्हा खोक्यात होतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्यामुळे घरात भांडण पेटलं. झोपताना मी जो आकडा सांगायचो, त्यापेक्षा सकाळी उठल्यावरचा आकडा मोठा यायचा. मधल्या वेळात माणूस फक्त झोपलेला! मग साखर आली कुठून? वहिनींनी सरळ हिशेब केला की दादा चोरून खातात. त्यांनी बिस्किटांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. दादा शपथा घेऊन थकले. शेवटी डॉक्टरांनी समजावलं की पहाटे यकृत आपणहून रक्तात साखर सोडतं, मधुमेह असला की ती आवरत नाही. वहिनींनी कुलूप काढलं, पण पुढे कितीतरी दिवस त्या दादांच्या पोटाकडे संशयाने बघत होत्या. मी तर पार चक्रावलो. म्हणजे न खाताही साखर वाढते? मग पथ्य कशाचं करायचं?

तरी माझा मान वाढत गेला. गोळ्यांच्या जागी इन्सुलिनचं पेन आलं. दादा रोज मला हातात घेऊन म्हणायचे, "बघू, साहेब काय म्हणतात." तेव्हापासून घरात मला साहेब म्हणतात. खरं सांगू? मला ते फार आवडलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दादा मला कधीच चारचौघांत बाहेर काढायचे नाहीत. बेकरीच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांआड जायचं, पाठ फिरवायची, बोट टोचायचं आणि झटपट खिशात. केक करणाऱ्यालाच मधुमेह, हे गिऱ्हाइकाला कळलं तर लोक चेष्टा करतील, अशी त्यांना धास्ती. हात धुवायचं बेसिन पुढे गल्ल्याशेजारी होतं. तिथे वारंवार गेलं की कुणीतरी विचारणार, म्हणून ते टाळायचे. लोणी लागलं, मैदा लागला, साखर लागली की हात एप्रनला पुसून मोकळे. बेकरीत सगळे तेच करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग माझे वाईट दिवस आले. दादांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहते. ती सुट्टीत आली आणि तिने दादांच्या दंडाला एक गोल चकती चिकटवून दिली. वहिनी त्या चकतीला 'बटण' म्हणतात. हे बटण दरवेळी बोट टोचत नाही, थेंब मागत नाही, नुसतं चिकटून बसतं आणि साखरेचा अंदाज फोनवर पाठवत राहतं. दादांच्या फोनवर तर जातोच, शिवाय तिकडे मुलीच्याही फोनवर. अहो, ज्याने कधी रक्ताचा थेंब पाहिला नाही, त्याने साखर सांगावी? माझी रवानगी खणात झाली. तिथे तुटके चमचे आणि केकवर क्रीम सोडायच्या पिशव्यांची जुनी तोंडं होती. मी त्यांच्याकडे पाठ करून पडून राहिलो.

पण बटणाची फजिती झाली आणि मी, खरं सांगतो, मनातून खूश झालो. दादा दुपारी जेवून आडवे व्हायचे, नेमके त्याच दंडावर. दंड दबला की बटण गुदमरायचं आणि साखर फार उतरली म्हणून फोन बोंबलायचा. तिकडून मुलीचा फोन, इकडे वहिनींची धावपळ. झोपेतल्या माणसाला उठवून साखरपाणी पाजायचं, मग मला खणातून काढून विचारायचं. मी शांतपणे सांगायचो की सगळं ठीक होतं. असं बऱ्याचदा झालं. शेवटी दादांनी निकाल दिला: बटण बिथरतं, साहेब खरं बोलतात. मुलीच्या समाधानासाठी बटण दंडावर राहिलं, पण मी पुन्हा दादांच्या खिशात आलो.

आता ज्या दिवसामुळे माझं डोकं आजवर ठिकाणावर आलेलं नाही, तो दिवस सांगतो.

लग्नाच्या एका मोठ्या केकचं काम आलं होतं. दादांनी सकाळी नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं. वहिनींनी नाश्ता झाकून ठेवला, पण दादा 'एवढी एक ओळ संपवतो' म्हणत फुलांत गुंतले आणि ताटली तशीच राहिली. थोड्या वेळाने फोन वाजला. मुलगी होती. साखर भराभर उतरतेय, हातातलं काम सोडून आधी काहीतरी गोड खा, असं ती सांगत होती. दादा वैतागले. मी झोपलेलो नाही, दंडही दाबलेला नाही, मग याला आता काय झालं, म्हणून त्यांनी फोन तसाच चालू ठेवून मला उचललं आणि पोत्यांआड गेले. हात एप्रनला पुसला. बोट टोचलं. थेंब माझ्या पट्टीला लागला.

मी मोजलं आणि सांगितलं, तीनशे अठरा.

"बघ," दादा फोनवर म्हणाले, "साहेब म्हणतात तीनशे अठरा. तुझं बटण पुन्हा बिथरलंय."

आणि साखर उतरवायला त्यांनी इन्सुलिनचं पेन काढलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. पेनाचा आकडा फिरवताना बोटं घसरत होती. मुलगी तिकडून थांबा थांबा म्हणत होती आणि दादा तिच्यावर ओरडत होते. दादा मुलीवर कधी आवाज चढवत नाहीत. एकाच माणसाचं एकाच क्षणाचं रक्त. बटण म्हणतं साखर तळाला गेलीय, मी म्हणतो डोक्यावर चढलीय. आमच्यातलं एक कुणीतरी चूक होतं. मी असेन असं मला वाटलं नाही, पण मला भीती मात्र वाटायला लागली.

तेवढ्यात वहिनी फुलांचा ट्रे न्यायला आत आल्या. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग दादांकडे.

"अहो, ते पेन खाली ठेवा. आणि या पाकळ्या बघा."

"पाकळ्यांना काय झालंय?"

"तुमच्या हातून अशी पाकळी आजवर उतरलेली नाही. एक जाड, एक फाटकी. मला तुमचे साहेबही कळत नाहीत आणि बटणही कळत नाही. पण हा हात तुमचा नाही, एवढं मला कळतं."

दादा म्हणाले, मला काहीही झालेलं नाही. हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा अर्धवट सोडलं. वहिनींनी पेन काढून घेतलं आणि ग्लासात साखर ढवळायला घेतली. मी खरा असेन तर वहिनी आगीत तेल ओतत होत्या. पण बटण खरं असेल, तर त्या पेनाने दादा तिथेच कोसळले असते. साखर थोडी जास्त झाली तर नंतर निस्तरता येईल, माणूस गेला तर काय निस्तरायचं, असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. दादांनी कुरकुरत ग्लास तोंडाला लावला.

फोन चालूच होता. मुलीने विचारलं, "बाबा, बोट टोचण्याआधी हात धुतला होता?"

"पुसला होता."

"कशाला?"

दादांनी खाली पाहिलं. त्यांचा एप्रन पिठीसाखरेने पांढराफटक झाला होता.

वहिनींनी आतच पातेल्यात पाणी आणलं, साबण लावून बोट धुतलं, पुसायला स्वच्छ रुमाल दिला. नवी सुई, नवी पट्टी, नवा थेंब. मी मोजलं. अठ्ठावन्न.

वहिनी पोत्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. बटण बरोबर होतं. दादांच्या बोटाला चिकटलेली साखर थेंबात उतरली होती आणि मी ती रक्ताचीच समजून मोजली होती. मुलीने हे फोनवर समजावून सांगितलं, पण मला अजून नीट उमगलेलं नाही. मला चव नाही, नाक नाही. केकची साखर कुठली आणि दादांची कुठली, हे मी कसं ओळखायचं? मित्रांनो, तुम्हीच सांगा.

दादा सावरले, तेव्हा वहिनींनी त्यांना एकच विचारलं, बेसिन चार पावलांवर असताना हात का धुतला नाहीत? दादा म्हणाले, "लोक हसतील म्हणून."

वहिनी म्हणाल्या, "हसू देत की. तुम्ही ऐकायला तरी असाल."

दुसऱ्या दिवशी दादांनी मला खिशातून काढून सरळ गल्ल्यावर ठेवलं. दुकानात गर्दी होती. बेसिनवर साबण लावून हात धुतले आणि सगळ्यांसमोर बोट टोचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या. केक न्यायला आलेला एक बसचा ड्रायव्हर टक लावून बघत होता. आता हा हसणार, असं मला वाटलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि माझ्यासारखाच एक जुना मीटर काढून माझ्या शेजारी ठेवला.

"माझं पण बघायचं राहिलंय," तो हळूच म्हणाला. "केकच्या दुकानात काढायला लाज वाटत होती. हात धुऊ का इथे?"

दादांनी त्याला साबण दिला. साखरेची फुलं करणाऱ्या त्याच हाताने पाण्याचा नळही सोडून दिला.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय आणि पूर्वीपेक्षा जास्तच गोंधळलोय. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला जपा, कोरडा ठेवा, जुन्या पट्ट्या देऊ नका. पण तुमच्या घरात कुणी बोट टोचायला आडोशाला जात असेल, तर त्याला आधी बाहेर बोलवा. त्याच्या हातावर पाणी घाला आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघा. आकडा काय तो मी सांगेन. बरं वाटतंय ना, हे मात्र तुम्हीच विचारा. मला ते विचारता येत नाही.