शिडाची शिलाई

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अजिंक्य आणि ऋतुजा पुण्याहून सोलापूरला आले, तेव्हा गाडीच्या टपावर एक लांबच लांब पांढरं गाठोडं बांधलेलं होतं. गल्लीत कुणीतरी विचारलं, "मंडप आणला का काय?"

"शीड आहे! आमच्या बोटीचं!" त्यांची नऊ वर्षांची अंकिता खिडकीतून ओरडली.

बोट गोव्यात होती. अडतीस फुटी, जुनी पण दणकट. ऋतुजा सोलापूर जिल्ह्यातल्याच करकंब गावची, पण दहा वर्षं मालवाहू जहाजांवर अधिकारी होती. अजिंक्यनं नोकरीतून सहा महिन्यांची रजा घेतली होती. वीस तारखेला गोवा सोडायचं, कोची, मालदीव, श्रीलंका करून पावसाळ्याच्या आत परत यायचं. त्याआधीचे दहा दिवस सोलापुरात, कारण पाच महिने टिकेल असं खाणं करावं तर अव्वानंच.

अव्वा म्हणजे अजिंक्यची आई, अक्कम्मा. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता, पण मोहीम तिनं पहिल्याच दिवशी हातात घेतली. दोनशे कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, मेतकूट, भाजणी. ऋतुजा सगळे पुठ्ठ्याचे खोके फाडून माल प्लास्टिकच्या बरण्यांत भरायला लागली.

"चांगले खोके हायत की गं," अक्कम्मा हळहळली.

"पुठ्ठ्यात झुरळांची अंडी येतात, अव्वा. बोटीवर एकदा झुरळ झालं की संपलं."

"माझ्या घरात झुरळ न्हाय," अक्कम्मा म्हणाली, आणि तासाभरानं स्वतःच खोके फाडायला बसली.

बोलत नव्हते ते फक्त महादेवप्पा, अजिंक्यचे वडील. चादरींच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी मागांची दुरुस्ती केली होती. दिवाळीत हा बेत ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "पोरीला पाण्यावर न्यायला हे काय शहाणपण?" त्यानंतर विषय निघाला की ते चपला घालून बाहेर पडत.

शिडाला एका जागी वीतभर फाटलं होतं. गोव्याच्या कारागिरानं फेब्रुवारीचा वायदा दिला, म्हणून ऋतुजा स्वतःच ठिगळ लावणार होती. तिनं ते गच्चीवर पसरलं. अर्धं पसरलं, अर्धं कठड्यावरून खाली लोंबलं. महादेवप्पा वाळलेले कपडे काढायला वर आले, आणि हातात कपडे तसेच धरून थांबले. मग ते खाली बसले. कापड चिमटीत धरून चोळलं, उजेडाकडे धरलं. एका शिवणीवर अंगठ्याचं नख ओढलं. दोरा शेवईसारखा तुटत गेला.

"अप्पा!" ऋतुजा धावत आली.

"कापड झकास हाय," महादेवप्पा म्हणाले. "दोरा मेलाय. उन्हानं. ठिगळ लावून काय करतीस? पहिल्या वाऱ्यात सगळ्या पट्ट्या सुट्ट्या हुतील."

ऋतुजानं दुसरी शिवण तपासली, तिसरी तपासली. सगळीकडे तेच. ती तिथंच मटकन बसली. "मी फक्त फाटलेलं बघितलं. जहाजांना इंजिन असतं हो अप्पा. शिडाचं मी चार वर्षांपूर्वी शिकले." अंकिता शेजारीच उभी होती, म्हणून भर समुद्रात काय झालं असतं ते तिनं बोलून दाखवलं नाही.

महादेवप्पांनी कपडे कठड्यावर टाकले. "चल, खाजाभाईकडं."

खाजाभाई ट्रकच्या ताडपत्र्या शिवत. त्यांनी शिवण पाहिली आणि मान हलवली. "सरळ टाका नाय चालायचा. ह्याला ताण येतो, नागमोडी पायजे. मंडपाच्या झालरीची जुनी मशीन हाय माझ्याकडं. दोरा पण हाय, उन्हात टिकणारा. पण हे पसरायचं कुटं? माझं दुकान म्हंजे हे एवढं."

जागा महादेवप्पांनीच काढली. पौष महिना, लग्नं नाहीत. ओळखीचं मंगल कार्यालय रिकामं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन टेम्पोतून तिथं पोचली. खाजाभाई चालवायला, त्यांची बायको मुमताज रीळं भरायला, आणि बाकीचे शीड गुंडाळून दोन्ही बाजूंनी धरायला. खाजाभाई "चलो" म्हणाले की सगळी वरात गुडघ्यांवर पुढे सरके.

दुपारपर्यंत चार शिवणी झाल्या. मग महादेवप्पा एकदम म्हणाले, "थांबवा. वरचं कापड सरकतंय. बघा, चुण्या."

"थोड्याच आहेत की, अप्पा," अजिंक्य म्हणाला. त्याचे गुडघे सोलवटले होते.

"थोड्या म्हणून सोडलं की गिऱ्हाइकाकडनं चादर परत येती बाबा. उसवा."

दहा फूट उसवलं. मुमताज उठून घरी गेली आणि कपडे वाळत घालायचे झाडून सगळे चिमटे पिशवीत घालून आली. महादेवप्पांनी वितावितावर चिमटा लावला, खाजाभाई एकेक काढत पुढे शिवत गेले. शिवण सरळ बसली. "वहिनी, तुमी कारखान्यात पायजे होता," महादेवप्पा म्हणाले. मुमताज एवढी हसली की रीळ हातातून सुटून गडगडत गेलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. अक्कम्मा सगळ्यांसाठी डबा घेऊन आली, आणि चार दिवसांत जे कुणालाच सुचलं नव्हतं ते तिला सुचलं. "उभं करून दावा की."

गॅलरीतून दोर सोडून त्यांनी शीड वर ओढलं. पुरतं मावलं नाही, तरी मावलं तेवढं छतापर्यंत गेलं. खाजाभाईंनी पंखे लावले. पांढरं कापड फुगलं, आणि अक्कम्मा तोंडावर पदर धरून बघत राहिली.

महादेवप्पांनी एकेक शिवण खालून वर न्याहाळली. मग कुणाकडेच न बघता विचारलं, "आणि वाटेत उसवलं तर?"

अजिंक्य उत्तर देणार होता. ऋतुजानं त्याचा हात दाबला.

"तीच काळजी आहे, अप्पा," ती म्हणाली. "कर्नाटकातल्या मालपे बंदरापर्यंत तरी याल का? चार-पाच दिवस. तिथून रेल्वेनं परत."

"मी? मला पवायला येत न्हाय."

"मला येतं, आजोबा," अंकिता म्हणाली.

"जावा की," अक्कम्मा म्हणाली. "घरात बसून तरी मला काय मदत करताय?"

वीस तारखेला बोटीतून तिघांऐवजी चौघं निघाले. अक्कम्मा गोव्याच्या धक्क्यावर हात हलवत राहिली. समुद्र तिला आवडला, पण तो कडेनं बघायला. पहिला दिवसभर महादेवप्पा बादली धरून पडून होते. दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी ऋतुजानं त्यांच्या हातात सुकाणू दिलं, आणि नंतर ते परत मिळवायला तिला बरीच विनवणी करावी लागली.

मालपेच्या जवळ फोनला रेंज आली. अक्कम्मानं विचारलं, "रेल्वेचं तिकीट काढलंय न्हवं? कधी पोचताय?"

महादेवप्पांनी अजिंक्यकडे पाहिलं, मग समोर पाण्याकडे.

"तसं न्हाय गं," ते म्हणाले. "ही पोरं म्हणतायत कोचीलाबी स्टेशन हाय."