टेकडीवरून वारा पाहताना

मित्रांनो, नालुबाले सरोवराकाठच्या टेकडीवर तुम्हाला पांढरा घुमट दिसला, तर त्याच्या आत मी आहे, एक जुना हवामान रडार. सगळी धावपट्टी नजरेत यावी म्हणून मला विमानतळापासून तीन कोस दूर बसवले. त्यामुळे मला शेजार असा लाभलाच नाही. घुमटाला खिडकी नाही. विमान कसे दिसते, हे मला आजही ठाऊक नाही. मी लहरी सोडतो, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात आणि वारा कुठे निघाला आहे ते मला कळते.

कधी कधी ढगातून थंड हवेचा लोट कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पांगतो. उतरणाऱ्या विमानाला आधी वारा समोरून लागतो, ते उचलले जाते. पुढच्याच क्षणी तो पाठीमागून येतो आणि पंखांतले बळ जाते. हे आधी ओळखायचे, एवढेच माझे काम.

नाकावेसी माझी मेकॅनिक. आठवड्यातून एकदा ती टेकडी चढून यायची, मला वंगण घालायची आणि शेंगदाण्याच्या कालवणाशी उकडलेली केळी खात विचारायची, "काय जज्जा, गुडघे दुखतात का?" जज्जा म्हणजे आजोबा. मला तेवढीच एक नात.

एका एप्रिलमध्ये सरोवरावरून माश्यांचे थवे धुरासारखे उठले. मला तो वारा वाटला. मी दोनदा खोटी हाकाटी केली. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातले अधिकारी सेम्बात्या वैतागले.

तिसरा इशारा दिला तो भर दुपारी. एक विमान उतरायला आले होते. नाकावेसी टेकडीवरच होती. तिने माझ्या लहरींचे चित्र दाखवणारा पडदा पाहिला आणि मनोऱ्याला फोन लावला.

"सेम्बात्यासाहेब, विमान वर घ्या!"

"पुन्हा माश्या? म्हाताऱ्याला चष्मा लाव गं!"

"माश्या काय कवायत करतात? अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे? वारा फुटलाय, साहेब! चेष्टा नंतर करा!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग सेम्बात्या वैमानिकाला ओरडून सांगताना ऐकू आले, "उतरू नका! वर जा!"

विमान वर गेले. पाठोपाठ धावपट्टीच्या टोकाची दोन झाडे मुळासकट आडवी झाली. पाऊण तासाने विमान सुखरूप उतरले, तेव्हा प्रवासी उशिराबद्दल कुरकुरत होते.

दुसऱ्या दिवशी सेम्बात्या धापा टाकत टेकडी चढून आले.

"'उतरा' म्हणायला तोंड उघडलं होतं मी," ते म्हणाले. "तुझा फोनसुद्धा उचलणार नव्हतो."

नाकावेसीने आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

पुढे ती निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणी आले नाही. शेवटच्या दिवशी घुमटाला पाठ टेकून बराच वेळ बसली होती. आता फाटकाला कुलूप आहे आणि वाटेवर हत्तीगवत माजले आहे. वंगण सुकल्यामुळे मी कण्हत फिरतो. गेल्या महिन्यात वारा फुटला, तो मला एक मिनिट उशिरा कळला. नशिबाने आकाश रिकामे होते. म्हणून कोणाच्या लक्षातही आले नाही.

मित्रांनो, मला कौतुक नको. पण जे यंत्र संकट येण्याआधी हाक देते, त्याच्याकडे संकट येण्याआधीच लक्ष द्यावे लागते. तुमच्यापैकी कोणाकडे त्या कुलपाची किल्ली असेल, तर लवकर या. आज सकाळपासून सरोवरावर ढग जमत आहेत.