मला बाजूला ठेवलं तो दिवस

साल होतं २०१४. मित्रांनो, मी एक जुनी घशातली बत्ती आहे. भूल दिलेल्या माणसाची जीभ उचलून श्वासनळीची वाट दाखवायची, म्हणजे डॉक्टरांना तिथून नळी घालता येते, एवढंच माझं काम. केरळातल्या आलप्पुळच्या इस्पितळात डॉक्टर एलियम्मांच्या डाव्या हातात माझं आयुष्य गेलं.

मग कॅमेऱ्याची नवी बत्ती आली. माझ्या उजेडात बघायला रोग्याची मान मागे टाकावी लागते. ती मान न हलवता घशाच्या वळणापलीकडचंही पडद्यावर दाखवते. मानेच्या मणक्याच्या ऑपरेशनला कोणती बरी, हे ठरवायला डॉक्टर आम्हां दोघींना आळीपाळीनं वापरून बघत होत्या.

वासवनच्या दिवशी पाळी माझी होती. तो माडी काढणारा. माडावरून पडून मानेचा मणका सरकलेला. हातपाय अजून हलत होते, पण मान वाकली तर तेही जाणार होते. बायको तंकम्मा दारात रडत होती. त्यानं ट्रॉलीच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरला, माडी गळावी म्हणून माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, हाडानं ठोकतात तसा.

"ऐक, हात जाग्यावर आहेत. रडतेस काय?"

"जाग्यावर होते तर पडलात कसे? डॉक्टर, हे हात तेवढे परत द्या."

त्याला भूल दिली. सिस्टर त्रेस्यानं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. मी जीभ उचलली. वाट दिसेना. जरासं आणखी ओढलं असतं तर दिसली असती, आणि मला तेच हवं होतं.

"डॉक्टर, मान हलतेय."

"तू डोकं धरलंयस की कोंबडी?"

"डोकंच. म्हणून तर सांगतेय."

डॉक्टर थांबल्या. "खरंय गं. हिच्यापायी मीच हट्ट करत होते." त्यांनी मला तबकात ठेवलं, मास्कनं त्याला श्वास दिला आणि नवीला हात घातला. नळी अलगद गेली.

ऑपरेशन संपलं. "वासवन, बोटं हलव," डॉक्टर म्हणाल्या. मी तबकात पडल्या पडल्या ऐकत होते. मग टेबलाच्या कडेवर तोच ठेका वाजला. टक, टक, टक.

वासवन पुन्हा माडावर चढला नाही. खाली बसून पोरांना पोय ठोकायला शिकवतो. तंकम्मा अजून त्याच्यावर खेकसते. त्रेस्या कुवेतला गेली. डॉक्टर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला पुसलं, गंज लागू नये म्हणून पोटातले सेल काढले आणि खणात ठेवलं. त्यानंतर तो खण कुणी उघडलेला नाही.

मित्रांनो, मला पुन्हा कामाला लावा असं मी म्हणत नाही. फक्त कधीतरी सेल घालून दिवा लागतो का ते बघा. खणात फार अंधार असतो.